बावीस सेकंद

ज्योतीरामला कुणी विचारलं, बाबा रे, तू कंपनीत करतोस तरी काय, तर तो सांगायचा, "वाट बघतो." आणि स्वतःच हसायचा. खोटं काही नव्हतं त्यात. चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे पाण्याचे पंप बनवणारी कंपनी, तिच्या तीन नंबर लाइनच्या शेवटाला तपासणीचं बेंच, आणि त्या बेंचवर गेली नऊ वर्षं ज्योतीराम. पंप उचलायचा, साच्यात बसवायचा, दोन हातांनी दोन हिरवी बटणं दाबायची. मशीन पंपात हवा भरतं आणि कुठून गळते का ते बघतं. ते झालं की शेजारचा कॉम्प्युटर निकाल लिहून घेतो आणि नंबराची चिठ्ठी छापतो. हे लिहून घेणंच मोठं जिकिरीचं. पडद्यावर एक निळं चक्र गरागरा फिरत राहायचं. बावीस सेकंद, कधी तेवीस. चक्र थांबल्याशिवाय चिठ्ठी नाही आणि चिठ्ठीशिवाय पंप पुढं नाही. रोज साडेचारशे पंप. करा हिशोब, माणूस दिवसातून किती वेळ नुसता चक्राकडं बघत उभा असेल!

पण ते बावीस सेकंद फुकट जात नव्हते, हे ध्यानात ठेवा. पुढची सगळी रड त्याच्यावरच आहे.

बेंचच्या डाव्या हाताला वर्षाली असायची. चिठ्ठी पंपावर चिकटवायची, पंप उलटापालटा करून डोळ्यांखालून घालायचा आणि ट्रेमध्ये लावायचा, हे तिचं काम. बाई बार्शीकडची, पस्तिशीची, तोंडानं फटकळ आणि हातानं चलाख. या पट्ट्यात येऊन तिला आठ वर्षं झाली होती. त्यातली चार तिनं एका प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकायच्या मशीनचं पेडल पायानं दाबण्यात घालवली आणि उजवा गुडघा तिथंच ठेवून आली. डॉक्टरनं लिहून दिलं होतं, सलग उभं राहायचं काम नको. आता कंत्राटी बाईला बसून करायचं काम कोण देतो? सगळ्या कंपनीत तिला झेपेल अशी एकच जागा होती, ती म्हणजे हे बेंच. लाइनचा सुपरवायझर रविराज, माणूस वाईट नव्हता, त्यानं तिच्यासाठी एक निळं प्लास्टिकचं स्टूल आणवलं. कंपनीत प्रत्येक वस्तूला जमिनीवर पिवळ्या रंगानं आखलेलं घर असतं, झाडूला असतं, कचऱ्याच्या डब्याला असतं. तसं या स्टुलालाही एक पिवळा चौकोन आखून मिळाला. वर्षाली म्हणाली, "बघा भाऊ, चाकणात आपल्या नावावर जागा झाली."

चक्र फिरायला लागलं की ती स्टुलावर टेकायची, गुडघा दोन्ही हातांनी धरून हळू सरळ करायची. चक्र थांबलं की उठायची. दिवसातून साडेचारशे वेळा. त्या बावीस सेकंदांवर तिचा गुडघा चालायचा आणि त्या गुडघ्यावर तिचं घर चालायचं. घरात थकलेली सासू आणि शाळेत जाणारी पोरगी. नवरा ट्रकवर, महिना-दोन महिन्यांतून उगवायचा आणि कपडे धुऊन घेऊन परत जायचा.

दोघांचं सगळं बोलणं त्याच बावीस सेकंदांच्या तुकड्यांत व्हायचं. धाकट्या बहिणीच्या लग्नात व्याह्यानं मानपानावरून काय गोंधळ घातला, हे सांगायला वर्षालीला तीन दिवस लागले. ऐन रंगात यायचं आणि चक्र थांबायचं. ज्योतीराम पुढचा पंप लावता लावता ओरडायचा, "थांबा ताई, मुंडावळ्यांपाशी थांबा, तिथूनच पुढं." त्याला सख्खी बहीण नव्हती. चार वर्षांपूर्वी राखीच्या दिवशी तिनं चिठ्ठ्यांच्या रिळाची चकचकीत पट्टी त्याच्या मनगटाला गुंडाळली होती आणि वर म्हणाली होती, "ओवाळणी नको, फक्त माझ्या आधी कंपनी सोडू नका." त्यानं हो म्हटलं होतं. परभणीकडचा माणूस, जीभ जड; पण एकदा हो म्हटलं म्हणजे हो.

आता खरी अडचण. ज्योतीराम नशिबानं कायम झालेला. वर्षाली ठेकेदाराच्या कार्डावर. हे कार्ड सात महिन्यांचं. सात महिने भरले की ब्रेक. ब्रेकनंतर काहींना परत बोलावतात, काहींना नाही. का बोलावतात आणि का नाही, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल. दर वेळी वर्षालीचा जीव टांगणीला लागायचा. आजवर रविराजनं शब्द टाकला म्हणून निभावलं होतं. पण यंदा वरून निरोप आला होता की कार्डं कमी करायची. तिच्या कार्डाला दीड महिना उरला होता.

कंत्राटी बायकांत एक समज होता. एक नंबर लाइनवरच्या गोजाबाईला दोन वर्षांमागं कायझेनचं बक्षीस मिळालं, मॅनेजरच्या हातून फूल मिळालं, तेव्हापासून तिला ब्रेक नाही. बस्स, एवढ्यावर सगळ्यांनी नियमच करून टाकला, ज्याचा फोटो बोर्डावर लागतो त्याचं कार्ड कापत नाहीत. कंपनीनं असं कधी म्हटलेलं नाही. पण बुडत्याला काडीचा आधार.

कायझेन म्हणजे काय ते सांगतो. कामात सुधारणा सुचवायची. शब्द जपानचा, सक्ती चाकणची. दर महिन्याला प्रत्येक लाइननं चार सूचना दिल्याच पाहिजेत. महिनाअखेर आली की रविराज हात जोडत फिरायचा, "लिहा राव काहीतरी, माझा तक्ता लाल व्हायलाय." मग लोक लिहायचे, झाडूला खिळा ठोकावा, खिळ्याला नंबर द्यावा. पुढच्या महिन्यात लिहायचे, खिळा दोन इंच खाली घ्यावा. त्याचेही पूर्वीचे आणि नंतरचे फोटो लागायचे! कामगाराचं डोकं कंपनीला महिन्यातून एकदा लागतं, आणि तेही गरज बघून नव्हे, तक्ता बघून.

त्याच्या दोन-अडीच महिने आधी ज्योतीरामच्या घरी एक चमत्कार झाला होता. त्याची मुलगी दिव्या डिप्लोमाला. तिच्यासाठी त्यानं जुना कॉम्प्युटर घेतला होता. तळवड्याच्या एका आयटी कंपनीनं भंगारात काढलेला. तो चालू करून माणसानं चहा करावा, प्यावा, कप धुवावा, तोवर तो जागा व्हायचा. दिव्या वैतागली. शेवटी बापलेक संत तुकाराम नगरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मशीन चांगलं आहे हो, नुसती हार्ड डिस्क म्हातारी झालीय. आत तबकडी फिरते, तिला शोधायला वेळ लागतो. ही एसएसडी टाका. हिच्यात काही फिरतच नाही." आणि पत्त्याच्या पानाहून जराशी मोठी, हलकीफुलकी वडी त्याच्या हातावर ठेवली. ज्योतीरामला वाटलं, फसवतोय. पण दुकानदारानं डोळ्यांदेखत जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं हिच्यावर उतरवून घेतलं, चार स्क्रू फिरवले, दोन वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर असा उघडला की दिव्या अय्या म्हणून ओरडली.

ज्योतीरामला त्या वडीचं वेडच लागलं. हाताला स्क्रूड्रायव्हरची सवय होतीच. त्यानं दुकानदाराला पाच-पन्नास प्रश्न विचारून सगळं समजून घेतलं आणि पुढच्या दोन महिन्यांत चाळीतल्या सहा घरांचे कॉम्प्युटर स्वतः तरणे करून दिले. चहावर. लोक म्हणायचे, ज्योतीरामभाऊंच्या हाताला गुण आहे. नऊ वर्षं नुसती बटणं दाबणाऱ्या माणसाला कुणी असं म्हटलं तर त्याची छाती फुगणारच, नाही का?

आणि मग एके दिवशी निळ्या चक्राकडं बघता बघता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यालाही तीच वडी लावली तर? आणि सूचना वर्षालीच्या नावानं दिली तर?

"ताई," तो म्हणाला, "यंदाचं कायझेन तुमच्या नावानं."

"माझ्या? मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई."

"मला कळतंय ना. डोकं माझं, नाव तुमचं. बक्षीस लागलं की फोटो बोर्डावर. मग कोण कापतंय तुमचं कार्ड, बगतोच मी."

चक्र थांबलं. तिनं चिठ्ठी चिकटवली, पंप ट्रेमध्ये ठेवला आणि पुढच्या चक्राला म्हणाली, "तुमचं अक्षर म्हंजी कोंबडीचे पाय. आणा कागद हिकडं, मीच लिवते."

जेवणाच्या सुट्टीत तिनं तो कागद वळणदार अक्षरात लिहिला. समस्या : संगणक हळू चालतो, माणसाला थांबावे लागते. उपाय : नवीन एसएसडी बसविणे. फायदा या रकान्यापाशी ती अडली. ज्योतीराम म्हणाला, लिहा, प्रत्येक पंपामागं एकोणीस सेकंद वाचतील. तिनं लिहिलं. खाली सही केली, वर्षाली, टोकन नंबर, लाइन तीन. मदतनीस म्हणून त्याची सही. दोघांनाही त्या एकोणीस सेकंदांत काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? दोघं बक्षिसाकडं बघत होते.

मंजुरी आली. कंपनीच्या आयटीवाल्या शेखरनं जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या वडीवर उतरवून दिलं, वडी ज्योतीरामनं आपल्या हातानं बसवली. शेखर म्हणाला, "जुनी महिनाभर राहू द्या बेंचच्या खणात. काही अडलं तर हाताशी असलेली बरी." त्याआधी रविराजनं पूर्वीचा फोटो काढून घेतला होता. त्यात पडद्यावर चक्र, बेंचपाशी ज्योतीराम आणि स्टुलावर गुडघा धरून हसणारी वर्षाली.

नवी डिस्क सुरू झाली. पहिला पंप. हिरवा दिवा लागला, वर्षाली सवयीनं स्टुलावर टेकायला वाकली आणि पूर्ण बसायच्या आत चिठ्ठी बाहेर. ती तशीच अर्ध्यातून उठली. दोघं खो खो हसले. "अगं बाई, हे तर भूतच की ओ!" ती म्हणाली. पहिला तासभर मोठी गंमत वाटली. दुपारपर्यंत गंमत ओसरली. दिवस संपला तेव्हा दोघांत जेमतेम दहा वाक्यं झाली होती आणि ती गेटपर्यंत कठडा धरून चालली.

"दुखायलंय का?"

"व्हईल सवय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अबोली मॅडम आल्या. कोण किती सेकंदांत काय करतो हे मोजायचं त्यांचं काम. वय पंचविशीचं, बोलणं मऊ, वाकडा शब्द नाही. मोबाइलमध्ये घड्याळ लावून दोन तास बेंचमागं उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या, "काका, काकू, खरंच खूप सुंदर सुधारणा आहे. मी वर दाखवते." ज्योतीराम हरखून गेला. त्या पोरीच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पाप कुणाच्याच मनात नव्हतं, हीच तर रड आहे. कुणाची गचांडी धरायची?

महिनाअखेरच्या सभेत कायझेनला पहिला नंबर मिळाला. मॅनेजरनं वर्षालीच्या हातात गुलाबाचं फूल, प्रमाणपत्र आणि भाजीचा डबा दिला. टाळ्या पडल्या. फोटो निघाला. कंत्राटी बायका तिला कोपरानं ढोसत म्हणाल्या, सुटलीस बाई तू. परतताना बसमध्ये तिनं ते प्रमाणपत्र मांडीवर सरळ धरलं होतं, घडी पडू नये म्हणून. ज्योतीराम खिडकीबाहेर बघत होता. पण खरं तर त्याला रडू येत होतं, आनंदाचं.

पुढच्या सोमवारी रविराजनं दोघांना बाजूला घेतलं. हातात तक्ता होता. पण त्याची नजर तक्त्यावरही नव्हती आणि त्यांच्यावरही नव्हती.

"वर्षालीताई, उद्यापासून तुम्ही असेंब्लीला. दोन नंबर लाइन."

"तिथं उभ्याचं काम हाय."

"हो."

"आणि हिथं कोण?"

"ज्योतीराम एकटा."

ज्योतीरामला आधी कळलंच नाही. रविराजनं मग समजावून सांगितलं, तक्त्यावर बोट ठेवून. पंप लावणं, हवा भरणं, कॉम्प्युटरचं थांबणं, चिठ्ठी आणि तपासणी, हे सगळं एका माणसानं केलं तर पूर्वी सत्तर सेकंद लागायचे. लाइनला पंप हवा साठ सेकंदांत. म्हणून तर दोन माणसं होती. आता एकोणीस सेकंद वाचले, एक्कावन्न झाले. एका माणसात बसतं. "साहेबांनी विचारलं, मग दुसरा माणूस कशाला? मी काय सांगू? कागदावर तुम्हीच लिहिलंय, एकोणीस सेकंद वाचतील."

 वर्षालीनं त्या तक्त्याला लावलेला आपला कागद पाहिला, आपलं वळणदार अक्षर पाहिलं आणि हातमोजे काढून खिशात घातले.

ज्योतीरामच्या पायाखालची जमीन सरकली. करायला गेला काय आणि झालं काय! त्यानं रविराजचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. मला असेंब्लीला टाका, तिला इथं ठेवा. नाही म्हणाला, मशीनचं ट्रेनिंग कायम माणसालाच. मग दुसरं बसायचं काम द्या. नाही म्हणाला, कंपनीत दुसरं नाहीच. "बक्षीस दिलं की हो तिला!" ज्योतीराम ओरडला. रविराज म्हणाला, "बक्षीस दिलंच ना."

मंगळवारी वर्षाली दोन नंबरला उभी राहिली. ज्योतीरामला आपल्या बेंचवरून तिची पाठ दिसायची. दर पंधरा-वीस मिनिटांनी ती डाव्या पायावर सगळा भार घ्यायची. त्यानं एक युक्ती केली. मुद्दाम सावकाश हात चालवू लागला. लोकांना कळू दे, एकट्याला जमत नाही. पण आता कॉम्प्युटर तयार असायचा आणि ज्योतीराम मागं पडायचा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात किती सेकंद उशीर झाला ते लाल आकड्यांत दिसायचं. नऊ वर्षं ज्योतीराम कॉम्प्युटरची वाट बघत होता. आता कॉम्प्युटर त्याची वाट बघत होता आणि त्याची चहाडी वर पोचवत होता.

शुक्रवारी त्यानं ठरवलं. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं तो लाइनवर पोचला, खणातली जुनी डिस्क काढली आणि एसएसडीच्या जागी बसवली. चार स्क्रू, दोन वायरी. हाताला गुण होताच. पहिला पंप लावला, आणि चक्र फिरायला लागलं. एक, दोन, तीन... बावीस. त्या माणसाला इतका आनंद झाला की त्यानं दोन नंबरकडं बघून हात हलवला. वर्षालीनं वळून पाहिलं. लांबूनच तिला निळं चक्र दिसलं. ती हसली. त्या आठवड्यातलं तिचं पहिलं हसू.

आठ वाजता पंप तुंबले. साडेआठला रविराज धावत आला. "नवीन डिस्क मेली, साहेब," ज्योतीराम म्हणाला, "जुनी लावलीय. आता दुसरा माणूस लागतोय." आयुष्यात पहिल्यांदा कंपनीत खोटं बोलला. रविराजनं पडद्याकडं पाहिलं, मग ज्योतीरामच्या शर्टाच्या खिशाकडं. खिशात ती वडी चौकोनी उठून दिसत होती. खणात ठेवायची सोडून खिशात! चोरी करायची अक्कलसुद्धा नव्हती बिचाऱ्याला.

रविराज हळू आवाजात बोलला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "ज्योतीराम, हे कुणी पाहिलं तर मशीनशी छेडछाड म्हणतील. तू कायम असून जाशील. कागदावर नाव तिचं आहे, तिलाही ओढतील, आजच्या आज गेटबाहेर. दिव्याचं शेवटचं वर्ष आहे ना तुझ्या? शेखर नऊला येतो. त्याच्या आत काय ते कर. मी चहाला चाललोय."

आणि तो खरंच चहाला गेला.

ज्योतीराम उभा राहिला. दोन नंबरवरून वर्षाली बघत होती. तिला शब्द ऐकू आले नसतील. पण बाई खुळी नव्हती. नऊला दहा कमी असताना तो खाली वाकला, कॅबिनेट उघडलं, जुनी डिस्क काढली आणि एसएसडी परत बसवली. हे कुणी त्याच्याकडून करून घेतलं नाही. त्यानं आपल्या हातानं केलं. उठून त्यानं दोन नंबरकडं पाहिलं, तेव्हा तिनं मान वळवली होती.

पुढं काय सांगायचं? बारा दिवस तिनं काढले. तेराव्या दिवशी गुडघा इतका सुजला की सुरक्षेचा बूट काढताना ती ओरडली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, चार दिवस आराम करा, कार्ड इथं जमा करा. कार्ड जमा केलेल्याला परत बोलावतात का, हे विचारायचीही गरज नव्हती. कार्ड संपायला अजून बावीस-तेवीस दिवस होते.

त्या दिवशी ज्योतीराम तिच्यासोबत गेटपर्यंत गेला.  इतकी वर्षं दोघांना तुकड्यातुकड्यांनी बोलायची सवय, आणि आता रिक्षा येईपर्यंत अख्खा पाव तास मोकळा पडला होता, तर एक शब्द फुटेना.

"चूक माझी झाली, ताई," शेवटी तो म्हणाला.

"तुमची कशी? लिवलं मी. अक्षर माझंच हाय." मग म्हणाली, "भाऊ, एक विचारू? त्या शुक्रवारी. परत का लावलीत?"

त्यानं खरं सांगितलं. "भ्यालो."

"व्हय," ती म्हणाली. "मी बी भ्याले असते." रिक्षा आली. तिनं आधी दुखरा पाय आत घेतला, दोन्ही हातांनी उचलून. राखीच्या दिवशी मागितलेलं वचन त्यानं पाळलंच होतं, तिच्या आधी त्यानं कंपनी सोडली नव्हती. हे दोघांनाही आठवलं असेल.  नंतर कळलं, ती सासू-पोरीला घेऊन बार्शीला परत गेली. फोन लागतो. सुरुवातीला ज्योतीराम लावायचा, आता लावत नाही.

तीन नंबरवरचं निळं स्टूल कुणीतरी नेलं. पिवळा चौकोन आठवडाभर रिकामा होता, मग त्यावर करडा रंग मारला.

पण कंपनीत एखादी सुधारणा फळली की ती तिथंच थांबत नाही. तसल्याच दुसऱ्या जागांवर पसरवतात. अबोली मॅडमनी शोधून काढलं की तीन नंबरखेरीज आणखी चार लाइनवर असेच म्हातारे कॉम्प्युटर आहेत. वर्षालीच्या कागदाच्या रंगीत प्रती निघाल्या, प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक लाइनच्या बोर्डावर लागल्या. डावीकडं पूर्वी, उजवीकडं नंतर. पूर्वीच्या फोटोत ती हसतेय. नंतरच्या फोटोत नुसता ज्योतीराम. खाली तिची सही आणि गुलाबाचं फूल घेतलेला तिचा फोटो. बाई गेली आणि तिचा कागद कंपनीभर फिरू लागला.

"काका, तुमच्याइतकं सफाईनं कुणाला जमत नाही," अबोली मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या चारही तुम्हीच बसवा ना." त्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं. मग दिव्याचं शेवटचं वर्ष आठवलं, आणि मिटलं.

गुरुवारी तो पाच नंबर लाइनवर गेला. खिशात स्क्रूड्रायव्हर, हातात ती हलकी वडी. तिथल्या बेंचला चिठ्ठ्या चिकटवायला सुभद्राबाई होती, पन्नाशीची, धाराशिवकडून आलेली. तीही कंत्राटी, तिच्याकडंही एक स्टूल, लाल. पडद्यावर चक्र फिरत होतं आणि ती बसून पदरानं तोंड पुसत होती. ज्योतीरामला बघताच तिचं तोंड उजळलं.

"तुम्हीच न्हवं का ते? वर्षालीचे भाऊ? बोर्डावर फोटो हाय तुमचा." ती लगबगीनं उठली आणि आपलं स्टूल उचलून त्याच्यापुढं ठेवलं. "बसा, बसून करा. वाकून पाठ धरंल."

तो बसला नाही. स्टुलाकडं बघत राहिला.

सुभद्राबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भाऊ, एक काम करा की. ह्या लाइनच्या कागदावर माझं बी नाव घाला. पुढच्या महिन्यात कार्ड संपतंय माझं. फोटो लागला म्हंजी कापत न्हाईत म्हणं."

ज्योतीरामनं स्टूल परत तिच्याकडं सरकवलं. "मावशी," तो म्हणाला, "नाव नका घालू. काही उपेग नाही त्याचा. वर्षालीताई गेली, माहीत नाही का तुम्हाला?"

"ती गुडघ्यापायी गेली. माझे गुडघे शाबूत हायत."

"गुडघ्यापायी नाही गेली. ह्याच्यापायी गेली." त्यानं हातातली वडी पुढं केली.

सुभद्राबाईनं वडीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं आणि तिथं राग आला. "द्यायचं नसंल तर तसं सांगा की सरळ," ती म्हणाली. "गरिबाला भिववता कशाला? चारी बक्षिसं एकट्यालाच पायजेत, व्हय ना?"

चक्र थांबलं, चिठ्ठी बाहेर आली. ती तिनं पंपावर चिकटवली आणि त्याच्याकडं पाठ केली. मागून त्या लाइनच्या सुपरवायझरनं हाक मारली, लाइन थांबलीय, किती वेळ लागंल? ज्योतीराम म्हणाला, दहा मिनिटं. मग तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि पहिला स्क्रू सैल केला.